ड्रायरवाली आत्या

जगात हसण्यासारखं काही असतं, यावर माझ्या आत्याचा विश्वास नव्हता. असं म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे एखादी खाष्ट, कपाळाला आठ्या घातलेली बाई उभी राहील; पण आत्या तशी मुळीच नव्हती. तिने कधी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. फक्त जे काही करायचं ते ती अशा चेहऱ्याने करायची, की हे काम चुकलं तर उद्याच्या पेपरात पहिल्या पानावर येणार आहे. मटार सोलायला बसली तरी टरफलं एकीकडे, दाणे दुसरीकडे आणि किडके दाणे तिसरीकडे, वाटीत, वर झाकण ठेवून. चहा ओतला जात असताना कुणी बोलायचं नाही, असा तिच्या घरचा नियम होता. एकदा आई न राहवून मधेच शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचं सांगायला लागली, तर आत्याने ओतणं थांबवलं, भांडं खाली ठेवलं, आईचं वाक्य पूर्ण होऊ दिलं, "झालं?" असं विचारलं आणि मग राहिलेला अर्धा कप भरला. त्यात टोमणा अजिबात नव्हता. आई मात्र घरी येईपर्यंत धुमसत होती. "तुमच्या बहिणीला ना," ती स्कूटरवर मागे बसून बाबांच्या पाठीला सांगत होती, "चहासुद्धा राष्ट्रगीतासारखा लागतो."

आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, ट्रंक कॉल जोडून देण्याच्या टेबलावर. लासलगावच्या व्यापाऱ्यांना मुंबई लावून दे, नांदगावच्या कुणाला पुण्याच्या दवाखान्यातला माणूस शोधून दे, असं करत तिची उमेदीची वर्षं कानाला यंत्र लावून गेली. पुढे एसटीडी आलं, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले, आणि आत्या चौकशीच्या टेबलावर बसून बसून एक दिवस निवृत्त झाली. पण टेबल सुटलं तरी सवय सुटली नाही. ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की ऑपरेटर विचारत तसं, कुणाशी बोलत बसली की थोड्या वेळाने मान किंचित कलती करून ती विचारायची, "वेळ झाली. वाढवायचं का?" पाहुण्यांना हा उठायचा इशारा वाटे आणि बरेचसे चपला शोधू लागत. तिला खरंच विचारायचं असायचं. "वाढव" म्हणणारी मी एकटीच होते. मग ती समाधानाने मान हलवायची आणि आम्ही दोघी पुन्हा गप्प बसायचो.

आमचं जमायचं ते यामुळेच. मी लहानपणापासून कमी बोलणारी. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं, आणि एकोणसाठ म्हणजे नेमके किती हे मला कॉलेजात गेल्यावरही चटकन सांगता येत नसे. ही गोष्ट आत्याच्या कानावर गेली तेव्हा तिचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला. त्यानंतर मी तिच्याकडे गेले की ती जुने टेलिफोन नंबर मराठीत सांगायची आणि मी ते इंग्रजीत परत म्हणायचे. मी चुकले तर ती हसायची नाही, की दुरुस्त करायची नाही. शांतपणे म्हणायची, "हा नंबर अस्तित्वात नाही." बाकीचे नातेवाईक मला पाहिलं की "अगं बोल की काहीतरी, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" म्हणत. आत्या एकदा म्हणाली, "तू चांगली ऑपरेटर झाली असतीस. लाइनवर जे ऐकलं ते लाइनवरच राहिलं पाहिजे. हे शिकवून येत नाही." मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र आहे.

तिने लग्न केलं नव्हतं. का नाही, हे कुणी सांगत नसे आणि विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. नाशिकरोडला स्टेशनपासून थोडं आत, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर तिने स्वतःच्या पगारावर फ्लॅट घेतला होता. त्या काळात एकट्या बाईने घर घ्यायचं म्हणजे बिल्डरलाच कसंसं व्हायचं. कागद तयार झाले तरी तो विचारत होता, "मिस्टर कधी येतील सहीला?" आत्या म्हणाली, "त्यांची लाइन लागत नाहीये. तुम्ही माझी सही घ्या." बाबा ही गोष्ट दर दिवाळीला सांगून हसायचे. आत्या शेजारी बसून, यात काय हसण्यासारखं आहे, अशा चेहऱ्याने चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करायची.

घर छान होतं, पण बरोबर त्याच्या खाली पिठाची गिरणी होती. सकाळी गिरणी सुरू झाली की आत्याच्या घरातल्या फरशीला बारीक थरथर सुटायची आणि तांब्यातलं पाणी हलायचं. त्याचं तिला काही वाटत नसे. तिला छळायचं ते पीठ. गिरणीचा पंखा पीठ बाहेर फेकायचा, ते वर चढायचं आणि तिच्या एकुलत्या एका बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर अलगद बसायचं. साडी झटकली की ढग उठायचा. जिच्या घरात किडक्या मटारावर झाकण असतं, तिला रोज ज्वारीच्या पिठात लोळलेला टॉवेल वापरावा लागावा, हे मोठंच दुःख होतं. तिने कपडे आतल्या खोलीत वाळवून पाहिले. त्यांना कुबट वास यायला लागला. गच्चीवर घालून पाहिले; तिथे कबुतरं होती.

आणि मग, मी शाळेत असताना, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोने बदली झाली म्हणून घरातलं सामान विकायला काढलं. त्यात परदेशातून आणलेला एक कपडे वाळवायचा ड्रायर होता. पांढरा, चौकोनी, पुढे गोल काचेचं दार. कॅम्पात तो कुणालाच नको होता. आत्याने तो टेम्पोत घालून घरी आणला. सगळी इमारत जिन्यात जमली. "नाशकात उन्हाला काय तोटा आहे हो?" समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी विचारलं. आत्या म्हणाली, "ऊन आहे. पिठाशिवायचं नाही."

त्या यंत्राच्या पाठीतून एक चंदेरी, हार्मोनियमच्या भात्यासारखा चुण्याचुण्यांचा पाइप निघायचा. तो भिंतीवरून वर चढून बाल्कनीच्या दारावरच्या झरोक्यातून बाहेर पडायचा. ओल्या कपड्यांची गरम वाफ त्यातून बाहेर जायची आणि वाफेबरोबर कपड्यांची बारीक लव. बरीचशी लव यंत्रातल्या जाळीत अडकायची. जी निसटायची ती पाइपात आणि झरोक्याच्या तोंडाशी साठत राहायची. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आत्याने नोकरीत लागल्यावर नियम वाचले असतील तसं वाचलं. पाइप तुंबला तर वाफ कोंडते, यंत्र तापतं आणि लव पेट घेऊ शकते, हे वाक्य तिने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. त्यानंतर तिच्याकडे आलेल्या कुठल्याही पाहुण्याला आधी ड्रायर, मग पाइप, मग झरोका दाखवला जाई आणि नंतरच पाणी मिळे. बाबांच्या मामेभावाचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी पाया पडायला आली, तिलाही या वाटेने जावं लागलं. ती बिचारी पाइपलाच नमस्कार करायला निघाली होती.

शनिवारी गिरणी बंद असायची, म्हणून पाइप साफ करण्याचा वार शनिवार. इतर दिवशी पाइप सोडवला असता तर झरोक्यातून उडालेली लव खालच्या पत्र्यावरून गिरणीच्या दारात, लोकांच्या डब्यांत पडली असती. आत्या त्या दिवशी जुना रेनकोट घालायची, डोक्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी, नाकातोंडाला धुतलेला पंचा. त्या वेषात ती स्टुलावर चढली की मला खूप हसू यायचं आणि ते दाबताना पोटात दुखायचं. माझं काम स्टूल धरायचं. ती पाइपची पट्टी सैल करायची, पाइप उतरवून माझ्या हातात द्यायची, जळमटं काढायच्या काठीला बांधलेला बाटल्या धुवायचा ब्रश झरोक्यात घालून हलके फिरवायची आणि ओंजळीओंजळीने मऊ, राखाडी लव खाली द्यायची. मग पाइप लांब करून पाटावर ठेवून दोन्ही बाजूंनी साफ व्हायचा. त्या लवेतही तिला माणसं दिसायची. "ही निळसर आहे ती तुझ्या बाबांच्या स्वेटरची. मागच्या आठवड्यात वाळवून दिला होता." दवाखान्यातला रिपोर्ट वाचावा तसं ती म्हणायची, "विरायला लागलाय. त्याला सांग नवा घे."

पहिल्या वर्षी हे आठवड्याचं वेळापत्रक बसलं नव्हतं, तेव्हा खालच्या गिरणीवाल्याशी तिचं भांडण झालं होतं. गिरणीवाला नांदगावकडचा, अंगाने मोठा, भुवयांवर कायम पीठ. तो दारात येऊन उभा राहिला आणि मुठीत आणलेली लव त्याने पुढे केली.

"बाई, तुमचा कापूस माझ्या पिठात येतोय. उद्या गिऱ्हाइकाच्या भाकरीत निघाला तर काय सांगू मी? कुणाच्या चादरीचा हाय म्हणून?"

"इतकी वर्षं तुमचं पीठ माझ्या चादरीवर पडत होतं," आत्या म्हणाली, "तेव्हा मी कधी विचारलं का, गहू कुणाचा म्हणून?"

"विचारायचं ना मग! लोकवन का सिहोर, नुसतं बोटाला लावून सांगतो मी."

आत्याने यावर बराच विचार केला. मग म्हणाली, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. भाकरीत कापूस असता कामा नये." आणि त्या दिवसापासून शनिवार सुरू झाला. गिरणीवाला जिन्यात तोंडात बोट घालायचा बाकी होता. भांडायला आलेल्या माणसाचं म्हणणं कुणी असं सरळ मान्य केलं, की त्याची भारीच पंचाईत होते. पुढे तो भेटेल त्याला सांगायचा, "वरच्या बाई लय कडक. पण शब्दाच्या पक्क्या."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण दर वर्षी भाऊबीज यायची. बाबा आत्यापेक्षा लहान आणि चांगलेच उंच. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नोकरीला. आजोबांनंतर बहिणीची जबाबदारी आपली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. भाऊबीजेला दुपारी आम्ही सगळे नाशिकरोडला जायचो. आत्या घरातली एकमेव हातांची खुर्ची खोलीच्या मध्ये मांडायची. भाऊ वर्षातून एकदा पाहुणा म्हणून येतो, तो जमिनीवर बसणार नाही, असा तिचा कायदा होता. बाबा खुर्चीत बसले तरी त्यांचं कपाळ तिच्या कपाळाच्या बरोबरीला यायचं. मग औक्षण, मग बासुंदी-पुरी, आणि विडा तोंडात गेला की बाबा दर वर्षी तेच म्हणायचे.

"ताई, आता पुरे झालं एकटं राहणं. गंगापूर रोडला आमच्याकडे ये. एक खोली रिकामीच आहे."

"मी तुझ्याकडे आले तर भाऊबीजेला तू जाणार कुठे?" आत्या विचारायची. "आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत?"

हे तिने विनोद म्हणून म्हटलेलं नसे. भाऊ बहिणीच्या घरी जातो, म्हणजे बहिणीला घर पाहिजे, इतका तो सरळ हिशेब होता. मला वाटतं तिच्या सगळ्या आयुष्याचा तोच हिशेब होता. बाबा हसून सोडून द्यायचे. पण एका वर्षी ते हसले नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाची एकटी राहणारी आई घरात पडली होती आणि दार फोडावं लागलं होतं. ते म्हणाले, "बरं. नको येऊस. पण ज्या दिवशी तुझं तुला जमत नाही असं मला दिसेल, त्या दिवशी मी विचारत बसणार नाही. टेम्पो घेऊन येईन."

आत्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मान्य."

आई कौतुकाने बाबांकडे बघत होती. मी आत्याकडे बघत होते. आत्या "मान्य" म्हणाली म्हणजे ती ते पाळणार, हे आमच्या घरात फक्त मला नीट कळत होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेमुळे बरेच शनिवार गेले नव्हते. गेले तेव्हा घर नेहमीसारखं लखलखीत होतं, पण काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं. वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आले होते. आत्याचा घट्ट, उंच अंबाडा मानेवर उतरला होता आणि सैल होता. ड्रायर बंद, आणि खुर्च्यांच्या पाठींवर ओलसर टॉवेल. मी काही विचारलं नाही. आत्या चहा ओतत होती, डाव्या हाताने. उजवा हात तिने पदराखाली धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा आणि तिने सांभाळायला घेतला असावा.

तेवढ्यात दार वाजलं. गिरणीवाला उभा होता, हातात तीच राखाडी लव. मला वाटलं, झालं, भांडण. पण तो आत न येता उंबऱ्याशीच घुटमळला.

"बाई, भांडायला नाय आलो मी. कापूस परत पडायला लागला पत्र्यावर. आणि परवा काहीतरी जळल्याचा वास पण आला. तुम्ही चुकणाऱ्या नाय, म्हणून म्हटलं विचारावं. बरं हाय ना?"

आत्या म्हणाली, "हात वर जात नाही. खांदा आखडलाय."

इतकं सरळ सांगेल असं मला वाटलं नव्हतं. पण ती खोटं बोलत नसे. विचारलं की सांगायची.

"मग भावाला का कळवत नाय? साहेबांना मी फोन करतो की."

"करू नका," आत्या म्हणाली. मग तिने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणाकडे काही मागितलं. "तेवढं एक माझ्यासाठी करा. त्याला कळवू नका. त्याने मला विचारलं तर मी सांगेन. त्याने विचारू नये, एवढंच."

गिरणीवाल्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने हातातली लव खिशात टाकली, जणू तो पुरावा होता, आणि म्हणाला, "मी पीठ दळतो, बाई. फोन करणं माझं काम नाय."

तो गेल्यावर मी रेनकोट घातला. प्लास्टिकची टोपीही घातली, कारण त्याशिवाय तिने मला स्टुलावर चढू दिलंच नसतं. आत्याने डाव्या हाताने स्टूल धरलं. मदत हा शब्द दोघींपैकी कुणीही काढला नाही. "तुला शिकवून ठेवते," ती खालून म्हणाली. "उद्या सासरी असं यंत्र असलं तर अडायला नको." सबंध नाशिक जिल्ह्यात माझ्या नशिबी असं सासर यायची शक्यता किती, हे तिलाही माहीत होतं. मी झरोक्यात ब्रश घातला तर लवेचा भलामोठा गठ्ठा खाली आला, आतून तपकिरी पडलेला, करपल्यासारखा. तो आत्याने हातात घेऊन उजेडात नीट बघितला. मी स्टुलावरून तिचा चेहरा बघत होते. ती घाबरली होती. आगीला नाही. पाइप तुंबला, करपायला लागला आणि आपण तो नुसता खालून बघत राहिलो, हे तिला दिसत होतं. बाबांचं "असं मला दिसेल त्या दिवशी" म्हणजे नेमका कुठला दिवस, ते बहुतेक तिच्या हातातच होतं.

नंतर प्रत्येक शनिवारी मी जायला लागले. बाबांनी आत्याची चौकशी करू नये म्हणून घरी सांगायचे, मैत्रिणीकडे नोट्स आणायला चाललेय. आत्याकडे सोडून मी कधी कुठे जात नसल्यामुळे आईला त्याचा आनंदच व्हायचा. आत्या दवाखान्यातही जाऊन आली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवत न्यायची, जातील तिथवर. आत्याने तो व्यायाम कवायतीसारखा मांडला. बोटं जिथे अडत तिथे ती पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची. आजची रेघ कालच्या रेघेवरच, कालची परवाच्या. वर सरकायचं नावच नाही. त्या सगळ्यांच्या बऱ्याच वर एक ठळक रेघ एकटीच होती. मी पहिल्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला आत्या आत गेल्यावर ती हातांची खुर्ची मी भिंतीशी ओढली आणि मग मला कळलं. बाबा खुर्चीत बसले की त्यांचं कपाळ बरोबर तिथे यायचं.

दसरा गेला. रेघा थोड्या वर सरकल्या, पुन्हा खाली आल्या. वसुबारसेला मी फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा आत्या भिंतीपाशी उभी होती, डोळे मिटून, दातांवर दात. बोटं थांबली तिथून वरच्या रेघेपर्यंत चांगली वीतभर जागा होती. मी न राहवून म्हणाले, "आत्या, या वर्षी पाट मांडूया ना. बाबा खाली बसले की तुझा हात पुरेल."

"इतकी वर्षं खुर्ची आणि यंदा पाट? तो म्हणेल, का? मग मला सांगावं लागेल."

"मग मी काहीतरी सांगते ना. खुर्ची मोडली म्हणून."

"ती मोडलेली नाही," आत्या म्हणाली, आणि विषय संपला.

भाऊबीजेला आम्ही गेलो. खुर्ची मध्ये मांडलेली होती. बाबा नवा शर्ट घालून तिच्यात बसले, टोपी सारखी केली. आत्या तबक घेऊन आली. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. अंबाडा त्या दिवशी उंच होता. तो सकाळी लवकर, मैत्रिणीच्या नावाखाली येऊन मी बांधला होता, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने तबक डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. हात निघाला. पोटापाशी आला, छातीपाशी आला, आणि थांबला. आत्याचा चेहरा काहीच सांगत नव्हता. नेहमीसारखाच, टेबलावर बसल्यासारखा. फक्त तबकातल्या निरांजनाची ज्योत थरथरायला लागली, आणि त्या दिवशी खाली गिरणी बंद होती. आई स्वयंपाकघरातून पुऱ्या तळायला घेऊ का म्हणून विचारत होती. मी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी त्या थांबलेल्या बोटाकडे पाहिलं. मग ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. नंतर एकदा त्यांची नजर खोलीभर फिरली. ओट्यावरच्या डब्यांवर, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघांवर. विमानं दुरुस्त करणारा माणूस, त्याला बिघाड कळायला किती वेळ लागणार? मला वाटलं, आता ते विचारणार.

बाबा खुर्चीवरून उठले. "थांब गं ताई," ते म्हणाले, "ही खुर्ची जरा डुगडुगतेय." त्यांनी ती हाताने बाजूला केली आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसले. डोकं पुढे झुकवलं.

आत्याने खुर्चीकडे पाहिलं. चारही पाय जमिनीवर घट्ट टेकलेले होते. तिने पुन्हा बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. डुगडुगतेय." माझ्या माहितीत तिने बोललेलं हे एकच खोटं.

आणि तिचा हात बाबांच्या कपाळापर्यंत पोचला.

त्या दुपारी विडा खाऊन झाला तरी बाबांनी खोलीची गोष्ट काढली नाही. आई वाट बघून बघून शेवटी म्हणाली, "अहो, विचारत नाही का ताईंना?" बाबा म्हणाले, "काय विचारायचं?" आणि हात धुवायच्या निमित्ताने मागे गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा त्यांच्या केसांत राखाडी लव अडकली होती. आत्याने ती पाहिली. "शनिवारी करायचं असतं ते," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "बरं." त्यानंतर दर शनिवारी बाबा नाशिकरोडला जायला लागले. आईला सांगायचे, तिकडे भाजी ताजी मिळते. येताना खरोखरच मेथीची जुडी आणायचे, आणि आई ती निवडताना म्हणायची, "इतक्या लांबून आणली, तरी पिवळीच."

आत्या आणखी बरीच वर्षं त्या घरात राहिली, शेवटपर्यंत. खांदा थोडा मोकळा झाला, पुन्हा आखडला. मी नोकरीला पुण्याला गेले. फोनवर बोलताना ती अजूनही विचारायची, वाढवायचं का, आणि मी कितीही कामात असले तरी वाढव म्हणायचे. शेवटच्या दोन भाऊबिजांना तर ती पलंगावर बसूनच होती. बाबा खाली फरशीवर बसायचे, आता त्यांचे गुडघेही दुखायचे, आणि ती वाकून त्यांना ओवाळायची. टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही.

हल्ली दिवाळीला मी नाशिकला येते. भाऊबीजेच्या दिवशी बाबा लवकर आंघोळ करतात, नवा शर्ट घालतात आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसतात. कुठे जायचं नसतं. आई आतून विचारते, जेवायला वाढू का. ते म्हणतात, थांब थोडं.